ताकद जाते कुठे? ट्रॅक्टरच्या तापाची शंभर वर्षं

आजच्या भागात राजेमहाराजे नाहीत, लढाया नाहीत. एक चढ आहे, उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत आणि दम टाकलेला एक ट्रॅक्टर आहे. तिथून आपण थेट अमेरिकेत जाणार आहोत, शंभर वर्षं मागे. आणि परत त्याच चढावर येणार आहोत.

तर झालं असं. गेल्या गाळप हंगामात मी चार दिवस गावी गेलो होतो, सातारा जिल्ह्यात. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, कारखान्याला ऊस वाहतो. ट्रॅक्टर बँकेच्या हप्त्यावर घेतलेला. हंगाम म्हणजे त्याचं वर्ष. हंगामात गाडी बंद म्हणजे हप्ता थकला, आणि ट्रॉलीत उभा ऊस वाळत गेला म्हणजे काट्यावर वजन घटलं.

कारखान्याच्या अलीकडे एक लांब चढ आहे. दुपारी दोनचं ऊन. निम्म्या चढावर ट्रॅक्टर गुदमरायला लागला. दादाने गिअर खाली टाकला, मग आणखी खाली. धूर काळा. पाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे निघालेला. कसाबसा कडेला घेतला, इंजिन हळू चालू ठेवलं, तर ऑइल प्रेशरचा काटा पार तळाला. सकाळी गार असताना हाच काटा व्यवस्थित उभा होता.

आता आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना इंजिन ऑइलचं तापमान दाखवणारा काटा नसतोच. पण ऑइल तापलंय हे प्रेशरचा काटा आडून सांगतो. काकवी आठवा. गार काकवी बरणीतून पडता पडत नाही, गरम केली की पाण्यासारखी धावते. ऑइलचं तसंच. जास्त तापलं की पातळ होतं, फटींमधून भराभर निसटतं, आणि प्रेशर धरत नाही. मग धातूवर धातू घासायला वेळ लागत नाही.

एका वर्कशॉपला फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून दादा दगडावर जाऊन बसला. मी फोनवर व्हिडिओ काढत होतो, तर उन्हात माझा फोनही तापला आणि कॅमेरा बंद पडला. त्या क्षणी हसू आलं नाही, पण नंतर लक्षात आलं की ट्रॅक्टर आणि फोन एकच गोष्ट सांगत होते.

मग गावातले मिस्त्री काका आले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी पाना काढलाच नाही. म्हणाले, "इंजिन खोलायचं नंतर बघू. आधी ताकद जाते कुठे ते शोधू. ताकद गायब होत नाही रे, ती कुठेतरी ताप होऊन बसलेली असते."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी परतलो आणि वाचायला बसलो. आणि कळलं की या एका प्रश्नावर एका राज्याने कायदा केलाय.

नेब्रास्काचा चिडलेला शेतकरी

साल १९१६. अमेरिकेच्या मध्यावरचं नेब्रास्का राज्य. तिथल्या पोल्क काउंटीत विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी. घोड्यांवरची शेती ट्रॅक्टरवर जायला लागलेली ती वर्षं. बाजारात डझनांनी कंपन्या उगवल्या होत्या आणि जाहिरातीत प्रत्येकाचा ट्रॅक्टर हत्तीसारखा होता.

क्रोझियरने एक ट्रॅक्टर घेतला. नाव 'फोर्ड'. तुम्हाला वाटेल हेन्री फोर्डचा. त्यालाही आणि अनेकांनाही तेच वाटावं अशीच ती सोय होती! मिनियापोलिसमधल्या एका कंपनीने आपल्याकडच्या फोर्ड आडनावाच्या एका माणसाचं नाव ट्रॅक्टरला लावलं होतं. मोटारवाल्या हेन्री फोर्डचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे खऱ्या फोर्डला आपल्या ट्रॅक्टरचं नाव 'फोर्डसन' ठेवावं लागलं, त्यामागे हेही एक कारण सांगितलं जातं.

क्रोझियरचा ट्रॅक्टर शेतात टिकला नाही. बदलून दुसरा मिळाला, त्याचीही तीच गत. मग त्याने आणखी एका कंपनीचा घेतला, तोही बेताचाच. शेवटी त्याने रुमली कंपनीचा 'ऑइलपुल' घेतला. तो तीन नांगरांचा म्हणून विकलेला, आणि शेतात पाच नांगर ओढायचा.

या ऑइलपुलची एक गंमत आजच्या विषयाला अगदी धरून आहे. त्याचं इंजिन पाण्याने नाही, तर तेलाने थंड केलं जायचं. तो रॉकेलवर चालायचा आणि रॉकेल नीट जळायला इंजिन चांगलं गरम लागतं. पाणी शंभर अंशांना उकळून जातं, तेल त्याच्या वर सहज टिकतं. समोर एक चौकोनी मनोरा, तोच त्याचा रेडिएटर. इंजिनातून निघणारा धूर त्या मनोऱ्यातून वर सोडलेला, त्यामुळे खालून हवा ओढली जायची. भार वाढला की धूर वाढणार, धूर वाढला की हवा जास्त ओढली जाणार. म्हणजे जेवढं काम, तेवढा गारवा आपोआप. पंख्याचाही त्रास नाही.

म्हणजे क्रोझियरच्या दारात दोन्ही टोकं उभी होती. एक ट्रॅक्टर सांगितलेल्यापेक्षा कमी ओढणारा, दुसरा जास्त ओढणारा. आणि विकत घेताना दोन्ही सारखेच चकचकीत! फरक कळतो तो पैसे दिल्यावर, शेतात, हंगामाच्या ऐन मध्यावर. दादाच्या दगडावर क्रोझियरही बसला असणार, असं मला राहून राहून वाटतं.

पण क्रोझियर आमदारकीला उभा राहिला आणि निवडून आला. चार्ल्स वॉर्नर नावाच्या सिनेटरला सोबत घेऊन त्याने विधेयक आणलं आणि १९१९ साली ते मंजूर झालं. कायदा साधा. नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचाय? मग त्या मॉडेलचा एक ट्रॅक्टर आधी विद्यापीठात आणून द्या. जाहिरातीत जे म्हणता ते तिथे करून दाखवा. निकाल छापला जाईल. आणि राज्यात सुटे भाग आणि दुरुस्तीची सोयही ठेवायची.

लिंकन शहरात नेब्रास्का विद्यापीठाने चाचणी सुरू केली. १९१९च्या शेवटी पहिला प्रयत्न झाला तो बर्फ पडल्याने अर्धवट राहिला. १९२०च्या वसंतात पहिली पूर्ण चाचणी झाली. ट्रॅक्टर होता वॉटर्लू बॉय, मॉडेल एन. त्याची कंपनी दोनच वर्षांपूर्वी, १९१८ साली, जॉन डियरने विकत घेतली होती.

दोन आकडे, आणि त्यातली मेख

आता इथे जरा थांबू, कारण मिस्त्री काकांचं गुपित इथेच आहे.

वॉटर्लू बॉयवर आकडा असायचा १२-२५. एक नाही, दोन आकडे. त्या काळी अनेक ट्रॅक्टरांवर असे जोडीने आकडे असत. २५ म्हणजे पट्ट्यावरची हॉर्सपॉवर: ट्रॅक्टर जागेवर उभा करून, पट्टा लावून मळणीयंत्र फिरवताना मिळणारी. १२ म्हणजे ड्रॉबारवरची: मागच्या हुकाला काहीतरी अडकवून खरोखर ओढताना मिळणारी. पंचवीसातली निम्म्याहून जास्त गेली कुठे? गिअरमध्ये, बेअरिंगमध्ये, मातीत रुतणाऱ्या लोखंडी चाकांत. ती गेली म्हणजे ताप झाली.

लिंकनच्या इंजिनिअरांनी दोन्ही आकडे वेगवेगळे मोजायचं ठरवलं. आधी पट्टा, मग ओढ. आणि ओढ म्हणजे दोन मिनिटांचा खेळ नाही, ठरलेल्या भारावर दहा दहा तास. अहवालात हॉर्सपॉवरच्या शेजारी इंधन किती लागलं, पाण्याचं तापमान किती, हवेचं किती, तासाला पाणी किती खर्च झालं, हेसुद्धा लिहायचं. कारण पाच मिनिटं तर कुणीही ओढतो. यंत्राचं खरं रूप ते तापल्यावर दिसतं.

हेन्री फोर्डचा फोर्डसनही १९२० साली तिथे तपासला गेला. पट्ट्यावर साधारण १८ हॉर्सपॉवर आणि ओढताना साधारण ९. सरळ निम्मी! फोर्डसन स्वस्त होता, लाखांनी खपला, पण त्याच्या मागच्या धुऱ्यात 'वर्म' नावाचा स्क्रूसारखा गिअर होता. हा गिअर एकमेकांवर घासत फिरतो, त्यामुळे त्याचं तेल चांगलंच तापायचं. आणि तो नेमका चालवणाऱ्याच्या बुडाखाली! फोर्डसनची सीट तापते ही तक्रार शेतकऱ्यांमध्ये कायमची होती. लोक हसून सोडून द्यायचे. पण बघा ना, नांगरापर्यंत जायची ताकद सीट गरम करण्यात जात होती. हीच ती 'ताप होऊन बसलेली' ताकद.

इंजिनाचाही हिशेब असाच असतो. इंधनातल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश काम होऊन बाहेर पडते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली पाणी, ऑइल आणि इंजिनाचं अंग यांच्यावर येते. भार वाढवला की हे सगळंच वाढतं. चढावर ओझं ओढताना इंजिन पूर्ण जोरात असतं, पण गाडी मात्र हळू असते, म्हणजे समोरून वारा कमी. आणि पाण्यापेक्षा ऑइल जास्त सोसतं, कारण ते पिस्टनच्या खाली आणि बेअरिंगमध्ये, म्हणजे आगीच्या अगदी शेजारी फिरत असतं.

तापलं की ताकदही घटते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच घोटात प्राणवायू कमी जातो. डिझेल गरम होऊन पातळ होतं, पंपात थोडं मागे निसटतं, आणि जळायला कमी मिळतं. नव्या गाड्यांत तर कॉम्प्युटरच इंजिन वाचवायला मुद्दाम जोर कमी करतो. उन्हात गेम खेळताना फोन तापतो आणि गेम अडखळायला लागतो ना? फोन बिघडलेला नसतो. तो स्वतःला जपत असतो. म्हणून "ताकद गेली म्हणजे इंजिन गेलं" ही उडी घाईची आहे.

बुदनीचं ऊन

हे सगळं अमेरिकेत राहिलं असतं तर मी एवढं सांगत बसलो नसतो. पण तशीच एक जागा आपल्याकडेही आहे. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी बुदनी. १९५५ साली तिथे केंद्र सरकारने ट्रॅक्टर शिकवण्याची संस्था काढली आणि पुढे ती देशातली ट्रॅक्टर तपासण्याची मुख्य जागा झाली. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर त्या मॉडेलचा अहवाल तिथे झालेला असण्याची शक्यता भरपूर.

या अहवालात मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे उष्ण हवेतली चाचणी. एकदा साध्या हवेत इंजिनाची ताकद मोजतात, आणि एकदा ४३ अंशांच्या आसपासच्या हवेत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापतात. सोबत इंजिन ऑइल जास्तीत जास्त किती तापलं, पाणी किती, धूर किती, हेही. लिंकनमध्ये बर्फाने चाचणी थांबली होती. आपला प्रश्न उन्हाचा, म्हणून आपली चाचणी उन्हाची. ट्रॉली ओढण्याचीही वेगळी चाचणी असते, कारण आपल्याकडे ट्रॅक्टर जेवढा शेतात असतो तेवढाच रस्त्यावर.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घेताना कुणी दाखवलं नाही." खरंय. शोरूममध्ये एचपी सांगतात, हप्ता सांगतात. ऑइलचं तापमान कोण विचारतं?

धरणाजवळचा घाट

आणि ट्रॅक्टरच कशाला. अमेरिकेत लोक पिकअप ट्रकमागे बोट, घोड्यांचा डबा, चाकांवरचं घर असलं काय काय ओढतात. किती वजन ओढता येईल हा आकडा अनेक वर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवायची. साहजिकच दरवर्षी आकडा शेजाऱ्यापेक्षा थोडा मोठा! पुन्हा क्रोझियरचीच गोष्ट, फक्त नव्वद वर्षांनी.

मग २००८ साली तिथल्या मोटार इंजिनिअरांच्या संघटनेने, एसएईने, एक सामाईक मानक काढलं. क्रमांक जे-२८०७. ही तीच संघटना, जिच्या नावाचे आकडे तुमच्या ऑइलच्या डब्यावर असतात. त्यातली मुख्य परीक्षा एका खऱ्या घाटावर बेतलेली आहे. अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून निघणारा रस्ता साधारण १८ किलोमीटरमध्ये ९०० मीटरच्या आसपास वर चढतो, वाळवंटातून.

अट अशी: बाहेर किमान ३८ अंश. मागे जाहीर केलेलं पूर्ण वजन. एसी पूर्ण चालू. वेग साध्या पिकअपला ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर. आणि घाट संपेपर्यंत काही मोडता कामा नये, धोक्याचा दिवा लागता कामा नये. टोयोटाने हे मानक सर्वांत आधी, २०११च्या मॉडेलांपासून, मान्य केलं. बाकीच्या मोठ्या कंपन्या यायला आणखी काही वर्षं गेली. का ते तुम्हीच ओळखा.

शंभर वर्षांत यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण परीक्षा तीच राहिली. ओझं लावा, तापू द्या, मग आकडा सांगा.

परत चढावर

आता मिस्त्री काकांकडे. त्यांनी नेब्रास्काचं नावही ऐकलेलं नाही, पण त्या दुपारी त्यांनी जे केलं ते लिंकनच्या इंजिनिअरांचंच काम होतं: ताकद कुठपर्यंत येते आणि कुठून पुढे येत नाही, हे तुकड्या-तुकड्याने बघणं.

आधी इंजिन गार होऊ दिलं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मग दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांना मोठे दगड लावले आणि ट्रॅक्टर मोकळा केला. नुसता ट्रॅक्टर चढावर नेऊन आणला. छान गेला. धूर साफ, आवाज साफ. "इंजिन मेलेलं नाही," काका म्हणाले.

मग पुढची ट्रॉली एकटी जोडून नेली. आरामात गेली. मग मागची ट्रॉली एकटी. वजन जवळपास तेवढंच, चढ तोच, चालवणारा तोच. आणि ट्रॅक्टर पुन्हा गुदमरला!

काका उतरले. मागच्या ट्रॉलीच्या एकेका चाकाच्या हबवर पाण्याचे चार थेंब टाकत गेले. एका हबवर थेंब पडले आणि चर्रर्र झालं. बेअरिंगमधलं ग्रीस जळून गेलं होतं, चाक धड फिरत नव्हतं. फोर्डसनची तापलेली सीट म्हणतात ती हीच!

पण त्याने एवढं तापेल का, मी विचारलं. काकांनी बॅटरी मारून रेडिएटर दाखवला. बाहेरची जाळी दादाने धुतलेली होती, चकचकीत. आत मात्र पाचटाचा भुगा आणि ऑइलचा चिकट थर मिळून जणू शेणाने सारवल्यासारखं झालेलं. वारा जायला जागाच नाही. म्हणजे एकीकडे जास्तीचा भार, दुसरीकडे गारव्याची वाट बंद. रिकाम्या ट्रॅक्टरला ते चालून जायचं. भार आला की पाणी तापायचं, ऑइल त्याहून तापायचं, आणि ताकद गळायची. डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळीही खाली. जेवढं कमी ऑइल, तेवढं ते लवकर तापणार.

त्या संध्याकाळी बेअरिंग बदललं. रेडिएटर आतून बाहेरच्या दिशेने धुतला, म्हणजे वारा जातो त्याच्या उलट. ऑइल आणि फिल्टर नवीन टाकलं, कारण एकदा इतकं तापलेलं ऑइल पुन्हा भरवशाचं राहत नाही. एअर फिल्टर झटकून बघितला तर धुळीचा ढग, तोही बदलला. सगळा खर्च वर्कशॉपच्या आकड्याच्या पासंगालाही पुरला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच उन्हात, तोच चढ. काटा मध्यावर.

एक गोष्ट मात्र काका जाताना बोलले आणि दादाला ती आवडली नाही. "दोन ट्रॉल्या एवढ्या उंच भरतोस, त्या पुस्तकात कुठे लिहिल्यात? चढाला इंजिन तापतं, ते दिसतं तरी. उताराला ब्रेक तापतील, ते दिसायच्या आत खाली जाशील." दादा काही बोलला नाही. पण हल्ली त्याच्या ट्रॉल्या पहिल्यापेक्षा बुटक्या दिसतात, असं काकू सांगते.

तर मंडळी, तुमच्याकडे ट्रॅक्टर असो, पिकअप असो, नाहीतर मागे बोट ओढणारी जीप असो. ओझं ओढताना ऑइल तापलं आणि जोर गेला, तर लगेच इंजिनावर शंका घेऊ नका. थांबा, गार होऊ द्या. ऑइलची पातळी बघा. वाऱ्याची वाट आतून बघा. ओझं सोडून तोच चढ चढून बघा. मोकळी गाडीही दमत असेल तर दोष पुढे, इंजिनात, इंधनात, हवेत. फक्त ओढतानाच दमत असेल तर मागे क्लच, ब्रेक, हब, टायर हाताशी घ्या. आणि सगळं ठीक असूनही तापत असेल, तर ओझंच जास्त आहे, हे कबूल करा.

तुमच्या घरच्या ट्रॅक्टरचा चाचणी अहवाल शोधून त्यात ऑइलच्या तापमानाची ओळ बघा, आणि घरातल्या जाणत्या माणसाला विचारा की त्यांची गाडी पहिल्यांदा कुठल्या चढावर थांबली होती. गोष्ट नक्की निघेल. पुढच्या भागात भेटू. आणि हो, उन्हात फोन ठेवू नका!